लाल अक्षरातली ओळ

ती घटना अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही. नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या, बडनेऱ्याच्या रुळांवरून माणसं गोळा करून पंचनामे केले. तिथं भीती वाटायला सवडच नसते, काम समोर पडलेलं असतं. पण त्या दिवशी अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात समोर ना हत्यार होतं ना रक्त, नुसता एक कॉम्प्युटर होता, आणि माझे तळहात घामाने ओले झाले होते. नावं मी कुणाची देत नाही. एकाच बाईची दोन नावं सांगितल्याशिवाय ही हकीकत पुढे सरकत नाही, तेवढी बदलून देतो.

मी तेव्हा अमरावतीत पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती. ठाणे दैनंदिनीतल्या नोंदी नीट लागत नाहीत म्हणून मी ठाणे अंमलदारावर करवादत होतो, तेवढ्यात त्या दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांचा फोन आला. नेहमी ठसक्यात बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज बसलेला.

"साहेब, आमच्या पेशंटच्या रेकॉर्डमध्ये बाहेरून कोणीतरी लिहून राहिलं आहे. तुम्ही लगेच या."

मी सायबर शाखेच्या महिला उपनिरीक्षकांना सोबत घेतलं आणि निघालो. ही पोरगी वयाने माझ्या लेकीएवढी, पण ठाण्यात मी तिला मॅडमच म्हणायचो. पोलिसात वयापेक्षा खांद्यावरच्या पट्टीशी बोलायचं असतं.

झालं होतं ते असं. प्रसूती विभागात आदल्या दिवशी बडनेऱ्याची एक बाई दाखल झाली होती. पहिलंच बाळंतपण, रक्तदाब वाढला, झटके आले. झटके थांबवायचं औषध देऊन तिला गुंगीत ठेवलं होतं आणि दुपारी सिझर करायचं ठरलं होतं. दाखल करताना नवऱ्याने सांगितलं होतं की हिला कुठल्याही औषधाची अॅलर्जी नाही, आणि तसंच लिहिलं गेलं. सकाळी सिस्टरने कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर वर लाल अक्षरात ओळ दिसली: पेनिसिलीन चालत नाही, टेस्टसुद्धा देऊ नका. सिस्टरने विचारलं, हे कोणी लिहिलं? डॉक्टर म्हणे मी नाही, दुसरी सिस्टर म्हणे मी नाही. त्याच सुमाराला दवाखान्याच्या नेटवर्कवर पहारा देणाऱ्या यंत्रणेने बाहेरचा माणूस आत शिरल्याचा इशारा दिला होता.

आता विचार करा, राजेहो. एका फाइलमध्ये कोणीतरी लिहिलं हे सापडलं. न सापडलेल्या किती? अतिदक्षता विभागात मी गेलो तेव्हा एक सिस्टर भरलेली सिरिंज हातात धरून नुसती उभी होती. टोचायची तिची हिंमत होत नव्हती. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "साहेब, हे डोस बरोबर लिवले आहेत का, तुमी सांगता काय?" मी काय सांगणार, कपाळ? खाटेवरचा म्हातारा टकामका आमच्याकडे पाहत होता. खरं सांगतो, मला तिथून पळून जावंसं वाटलं.

डॉक्टरांच्या खोलीत मॅडमनी त्या पहारेकरी यंत्रणेची नोंद उघडली. मला वाटलं, आता काहीतरी अगम्य बाराखडी दिसणार. पण तसं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "सर, आपल्या एफआयआरचे रकाने असतात ना, तसंच समजा. प्रत्येक घटनेची एक नोंद, आणि प्रत्येक नोंदीत तेच ते कप्पे. कधी झालं, कुठून आलं, कुठं गेलं, काय मागितलं, उत्तर किती मोठं मिळालं, धोका किती मोठा. यंत्र फापटपसारा लिहीत नाही. त्यामुळे मी हव्या त्या कप्प्यावर बोट ठेवून प्रश्न विचारू शकते."

मला हे एकदम पटलं. आयुष्यभर मी शिपायांना हेच ओरडून सांगत आलो होतो की पंचनाम्यात कादंबरी लिहू नका, जे आहे ते ज्या त्या रकान्यात लिहा.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो 'कुठून' या कप्प्याला. उत्तर आलं, अकोल्यातलं एक कनेक्शन. दवाखान्याचे कॅमेरे आणि नेटवर्क बसवून दिलेल्या एका कंपनीचं. कंपनीला काम करायला दिलेला पासवर्ड काम संपल्यावर कोणी बदललाच नव्हता. डॉक्टर खाली बघायला लागले. मी म्हटलं, ते नंतर पाहू.

दुसरा प्रश्न 'काय मागितलं' याला. दवाखान्याच्या आतला व्यवहार सांकेतिक लिपीत न गुंडाळता, पोस्टकार्डासारखा उघडाच चालत असल्यामुळे यंत्राला सगळं वाचता आलं होतं. घुसणाऱ्याने आधी पेशंटच्या यादीत एक नाव शोधलं होतं. पल्लवी, आणि एक आडनाव. मिळालं काहीच नाही. मग पल्लवी आणि दुसरं आडनाव. पुन्हा काही नाही. मग नाव सोडून नुसतं ते दुसरं आडनाव आणि गाव बडनेरा. तेव्हा त्याला सापडली ती ईश्वरी नावाची बाई, जिच्या फाइलमध्ये लाल ओळ उमटली तीच. या तिन्ही नोंदींच्या धोक्याच्या कप्प्यात यंत्राने सगळ्यात वरचा आकडा टाकला होता.

मॅडम म्हणाल्या, "सर, शोधत होता पल्लवीला आणि गाठलं ईश्वरीला. गडबडला असेल."

मी मात्र मॅडमना थांबवलं. कारण ती पल्लवी मला माहीत होती.

मी आधी बडनेऱ्याकडच्या ठाण्यात होतो. तिथं एक जोडपं संरक्षण मागायला आलं होतं. मुलगी अंजनगाव सुर्जीकडच्या शेतकरी घरातली, मुलगा जातीबाहेरचा, रेल्वेत नोकरीला. कोर्टात लग्न करून आले होते. सासूने घरी पूजा घालून, तांदळात अंगठीने लिहून मुलीचं नाव बदललं होतं. माहेरची पल्लवी, सासरची ईश्वरी. आपल्याकडे ते रीतीनेच होतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दोन दिवसांनी तिचा थोरला भाऊ बडनेऱ्यात येऊन नवऱ्याची गचांडी धरून गेला. भर चौकात बोलला, "दोघायलेही जित्तं सोडणार नाही." मी अदखलपात्र नोंद घेतली, त्याच्यावर प्रतिबंधक कारवाई केली आणि तिच्या वाटेला पुन्हा जाणार नाही असं बंधपत्र लिहून घेतलं. हा भाऊ, पोरगाच म्हणा, नेटवर्कची कामं करायचा. अकोल्यात.

पल्लवी म्हणून, आधी माहेरच्या आणि मग सासरच्या आडनावाने तिला शोधणारा माणूस माहेरचाच असणार. सासरी ते नाव कोणी घेत नव्हतं, आणि शेजारी, दवाखान्यात तर कोणाला ठाऊकही नव्हतं.

नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याला मेहुण्याबद्दल विचारलं तर तो बाकावरून उठलाच. "त्यानंच केलं साहेब. माह्या सासरच्यायनं आमाले सोडलं नाई. ते आतमंदी बेसुद पडून आहे, आता तिच्या औषधात हात घालून राहिले."

एक गोष्ट मात्र मला खुपत होती, आणि मी ती डॉक्टरांना तिथंच विचारली. मारायचंच असेल तर माणूस फाइलमधली सूचना पुसेल. नसलेली सूचना घालेल कशाला? डॉक्टर म्हणाले, "गोंधळ घालायला. योग्य औषध मिळू नये, वेळ जावा म्हणून. अशा पेशंटला उशीर म्हणजे संपलंच." मी डॉक्टर नाही. ऐकून घेतलं, पण ते काही घशाखाली उतरलं नाही.

नोंदींची प्रत काढली, तिच्यात पुढे काही बदललं तर कळावं म्हणून तिची हॅश व्हॅल्यू घेतली आणि पंचांसमक्ष पंचनामा केला. डॉक्टरांनी आणि आम्ही मिळून ठरवलं की सगळ्या फायली आदल्या दिवशीच्या सुरक्षित प्रतीवरून पुन्हा जशाच्या तशा करायच्या आणि दवाखान्याचं नेटवर्क बाहेरून पूर्ण तोडायचं. सगळ्यांना बजावून सांगितलं, ती लाल ओळ खोटी होती, नवऱ्याने दिलेली माहितीच धरायची. वॉर्डातल्या लोकांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सुटला. मी तिच्या दाराशी एक जुना हवालदार आणि एक महिला शिपाई बसवले. हवालदाराला म्हटलं, "ओळखपत्र पाहिल्याशिवाय पाखरालाही आत सोडायचं नाही." आणि मॅडमला घेऊन अकोल्याला निघालो.

गाडी मूर्तिजापूर सोडून पुढे गेली. मॅडम मांडीवर लॅपटॉप घेऊन त्याच नोंदी वरखाली करत होत्या. मधेच म्हणाल्या, "सर, सकाळी त्याने अजून एक गोष्ट केलेली दिसते. ओळ लिहिल्यावर तीच फाइल पुन्हापुन्हा उघडून पाहिली. बदललं काहीच नाही. नुसतं पाहिलं." मी विचारलं, चोर असं करतो का? त्या म्हणाल्या, "चोर काम झालं की खुणा पुसतो सर. यानं एकही पुसली नाही. येतं त्याला, तरी पुसली नाही."

ते ऐकल्यापासून भीती अजूनच वाढली, पण कशाची ते कळेना.

अकोल्यात स्थानिक ठाण्याला कळवून आम्ही कंपनीत गेलो. पोरगा खुर्चीत बसलेला. पळायची तयारी नाही, मोबाइल बंद नाही. मला पाहून उठला. बंधपत्रावर सही घेणारा साहेब तो विसरला नव्हता. मालकाच्या केबिनमध्ये बसवलं. आतापर्यंत मी शेकडो माणसांची चौकशी केली आहे. खोटं बोलणारा आधी तुमच्याकडून काढून घेतो, की यांना कितपत माहीत आहे. हा पहिल्याच वाक्याला म्हणाला, "कशी आहे ते?"

मी म्हटलं, प्रश्न मी विचारीन. दवाखान्याच्या नेटवर्कमध्ये शिरलास?

"हो, शिरलो."

फाइलमध्ये लिहिलंस?

"हो. एक ओळ लिवली. साहेब, कशी आहे ते?"

मॅडमनी विचारलं, का लिहिलं?

मग तो जे बोलला ते मी त्याच्याच शब्दांत देतो. "ते पाच-सात वर्साची होती. ताप होता म्हून बापानं डॉक्टरकडे नेलं. इंजेक्शनच्या आंधी हातावर बारीकशी टेस्ट टोचली, तेवढ्यावरच पोट्टी निळी पडली. श्वासच बंद. माह्या मांडीवर होती साहेब. डॉक्टरनं कशीबशी वाचवली, म्हणे पेनिसिलीन जन्मात देऊ नका. तिले काही याद नाई, लहान होती. मायनं पुढं कवा सांगतलंही नाई, अपशकुन म्हून. काल बडनेऱ्याच्या दोस्तानं फोन केला, तुह्या बहिणीले झटके आले, अमरावतीले नेलं. दवाखान्यात फोन केला. पल्लवी म्हून विचारलं. त्या काउंटरवरच्या बाईनं सांगतलं, या नावाची पेशंट नाई. पुन्हा केला, पुन्हा तेच. माह्याजवळ जावयाचा नंबर नाई. तिथं जाऊ तं तुमचं बंधपत्र. मंग काय करू? तिथलं नेटवर्क आमीच बसवलं होतं, पासवर्ड चालू होता. शोधली. तिचं नाव बदलवलं हे मले तईंच समजलं. फोनवर माहं कोन ऐकते, फाइलीतलं तरी वाचतीन म्हून ओळ लिवली."

मी म्हटलं, "तुझी ओळ आम्ही काढून टाकली."

तो एकदम उभा राहिला. आवाज चढला नाही. उलट पार खाली आला. "काढली? काहून काढली? साहेब, सिझरच्या आंधी ते इंजेक्शन देतेत. काहून काढली तुमी?"

त्या क्षणी मला विश्वास बसला होता असं नाही. पण मी मनात साधा हिशेब केला. हा खोटं बोलत असेल आणि आपण ऐकलं, तर एका औषधाऐवजी दुसरं औषध जाईल. हा खरं बोलत असेल आणि आपण ऐकलं नाही, तर ती बाई मेली, कदाचित बाळही. आणि दुपार तर होऊन गेली होती.

मी डॉक्टरांचा मोबाइल लावला. वाजून वाजून बंद झाला. दवाखान्याचा फोन लावला, तर त्यावर रिंगच नाही. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "सर, त्यांचे सगळे टेलिफोन त्याच नेटवर्कवर चालतात. आपण तोडायला लावलं ना सकाळी." काउंटर, वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, सगळे फोन मेलेले. माझ्या मानेवरून घाम उतरत होता आणि केबिनमध्ये एसी चालू होता.

मग हवालदाराला लावला. देवाच्या दयेने त्याने लगेच उचलला.

"बाई कुठं आहे?"

"आत नेली साहेब, थेटरात. आताच नेली."

"आत शिर. पेनिसिलीन द्यायचं नाही म्हणून सांग. टेस्टसुद्धा नाही. माझा हुकूम म्हणून सांग."

"साहेब, आत जाऊ देत नाईत. कपडे बदलवा लागते म्हणते."

"जोड्यासकट शिर."

फोन त्याने खिशात टाकला असावा. नुसती खरखर, कोणाचं तरी ओरडणं, काहीतरी स्टीलचं खाली पडल्याचा आवाज. मग फोन बंद. पुन्हा लावला तर लागेना. पोरगा भिंतीला टेकून खाली बसला होता, दोन्ही हात डोक्यावर. मॅडम त्याच्याकडे बघतही नव्हत्या, माझ्या मोबाइलकडे बघत होत्या.

हातावर हात ठेवून बसवेना, म्हणून मी पोराकडून बापाचा नंबर घेतला आणि लावला. ओळख सांगितली. तुमच्या मुलीबद्दल विचारायचं आहे म्हटलं.

"मले मुलगी नाई," म्हातारा म्हणाला.

मी चिडलो. म्हटलं, "नसू द्या. पण ती नसलेली मुलगी अमरावतीला टेबलावर पडली आहे आणि तिला पेनिसिलीन देणार आहेत. चालतं का तेवढं सांगा, आणि ठेवा फोन."

मला वाटलं ठेवला. मग तो आवाज आला, तो मी कधी विसरणार नाही. "नका देऊ, साहेब. पाया पडतो. ते इंजेक्शन नका देऊ तिले."

म्हणजे खरं होतं. आणि हवालदाराचा फोन लागत नव्हता.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, मी घड्याळ पाहिलं नाही. फोन आला तो महिला शिपायाचा. ती रडत होती, त्यामुळे आधी मला वाटलं, संपलं. मग तिने सांगितलं. हवालदार घुसला तेव्हा सिस्टरने हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला होता आणि टेस्टची सुई उचलली होती. त्याने सगळा ट्रेच हाताने उडवला. भूलतज्ज्ञ त्याच्या अंगावर धावून गेले, धक्काबुक्की झाली, त्यात त्याचा मोबाइल फुटला. पण तो "टेस्टही नाई, टेस्टही नाई" एवढंच ओरडत राहिला. ते शब्द ऐकून मुख्य डॉक्टर थबकले, कारण लाल ओळीत नेमकं तेच लिहिलं होतं, आणि हवालदाराने ती ओळ कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी औषध बदललं. सिझर झालं. मुलगी झाली, बारकी पण ठणठणीत. आईही शुद्धीवर आली.

मी केबिनमध्ये सांगितलं तेव्हा पोरगा उठून बाहेरच्या बेसिनकडे गेला. नळाखाली तोंड धरलं आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

तरी गुन्हा दाखल झालाच. परवानगी नसताना दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. उद्या प्रत्येकजण हेतू सांगत आत शिरेल. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे साहेब. चौकात बोललेलं मात्र रागात बोललो होतो, तेही लिहून घ्या म्हणाला. ते लिहायला रकाना नव्हता, पण मी जबाबात घेतलं.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं निवृत्तीनंतर लोक विचारतात. त्या यंत्राला मी दोष देत नाही. त्याने आपलं काम चोख केलं. कोण, कुठून, कधी, काय, सगळं ज्या त्या कप्प्यात नीट भरून ठेवलं, म्हणूनच आम्ही त्या पोरापर्यंत पोचलो. 'का' हे मात्र त्याला विचारून उपयोग नसतो. ते माणसाला जाऊन विचारावं लागतं, आणि सगळं साफसूफ करून टाकण्याआधी विचारावं लागतं. आम्ही सगळे घाबरलो होतो ते आत शिरलेल्या माणसाला. ती बाई मात्र मरता मरता वाचली ती आमच्या बंदोबस्तातून. सायबरचे नवे अधिकारी भेटले की मी हे त्यांना सांगतो. काही ऐकतात, काही मोबाइल पाहत बसतात.

गुन्हा जामीनपात्र होता. अटकेची खबर कोणाला द्यायची, असं मी नियमाप्रमाणे विचारलं. त्याने बापाचं नाव घेतलं नाही. "बहिणीले द्या," म्हणाला.

ती खबर बडनेऱ्याला गेली आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात जामीनदार म्हणून उभा राहिला तो तिचा नवरा. त्याचीच गचांडी या मेहुण्याने धरली होती, आणि नवऱ्यानेच त्याच्याविरुद्ध तक्रार लिहून दिली होती. दोघं एकमेकांकडे पाहीनात. नवऱ्याने कागदावर सही केली, पेन ठेवला आणि माझ्याकडेच बघत म्हणाला, "साहेब, एक इचारा त्याले. अजून काय काय चालत नाई तिले? सारं सांग म्हना. मले काईच ठाऊक नाई."

भावाने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसून सांगायला सुरुवात केली. मी ठाणे अंमलदाराला खूण केली आणि आम्ही दोघं बाहेर चहाला गेलो.